रांग सोडता आली पाहिजे: वळवाच्या दिवसांत पार्कला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अम्युझमेंट पार्कमध्ये वादळ येतं तेव्हा सगळ्यात अवघड काम कुठलं, तर रांगेतल्या माणसाला हलवणं. राइडवर बसलेल्यांना उतरवणं त्यामानाने सोपं. बटण आमच्या हातात असतं, पट्टा आम्ही सोडतो, माणूस उतरतो. पण पाऊण तास उन्हात उभा राहून जो आता तिसऱ्या नंबरवर आलाय, त्याला "दादा, विजा चमकतायत, आत चला" म्हटलं की तो लोखंडी रेलिंगला आणखी घट्ट टेकतो. "थांबतो ना. पाच मिनिटांत सुरू होईल."

मी एका मोठ्या पार्कमध्ये काही वर्षं राइड ऑपरेटर होतो, पुढे शिफ्टचं कामही बघितलं. आता ते काम सोडलंय. पण दर एप्रिलमध्ये कुणी ना कुणी नातेवाईक फोन करून विचारतो, "मुलांना घेऊन चाललोय, काही सांगशील का?" सांगण्यासारखं बरंच असतं. लोकांना सनस्क्रीन आणि डिस्काउंट कूपनबद्दल ऐकायचं असतं, मी आकाशाबद्दल बोलायला लागतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

तिकीट काढायच्या आधी

मे महिना म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे कोरडा दिवस, असं आपण धरून चालतो. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. नेहमीची तारीख ११ जून. आणि मान्सून वेळेवर आला तरी त्याच्या आधी वळीव असतोच. दिवसभर घामाच्या धारा, दुपारी तीननंतर घाटावर ढगांचे डोंगर, पाचच्या सुमाराला काळोख, वारा, विजा, गारा आणि तासाभरात सगळं लख्ख.

इथे एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. जुलैतला पाऊस दिसायला भयंकर, पण त्यात विजा त्यामानाने कमी असतात. तो भिजवतो, रस्ते तुंबवतो, घाटात दरडी आणतो. पार्कच्या कुंपणाच्या आत मात्र खरी धास्ती एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या आणि मग परतीच्या, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पावसाची. तो कमी वेळ येतो, पण वीज आणि वारा घेऊन येतो.

त्यामुळे या महिन्यांत जायचं असेल तर सकाळी गेट उघडायलाच पोहोचा. उंच आणि उघड्यावरच्या राइड जेवणाआधी उरका, बंद इमारतीतल्या दुपारसाठी ठेवा. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये नायट्रो हा रोलर कोस्टर उघड्यावर आहे आणि डीप स्पेस पूर्ण बंद इमारतीत. दोन्ही करायचे असतील तर सकाळी कुठे पळायचं हे वेगळं सांगायला नको. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. सकाळी ताजेतवाने असताना एसीतले शो बघतात आणि ऊन उतरल्यावर, म्हणजे चार-साडेचारला, उंच राइडच्या रांगेत जाऊन उभे राहतात. वळिवाचीही वेळ तीच.

आदल्या रात्री: इशारा कसा वाचायचा

भारतीय हवामानशास्त्र विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. टीव्हीवाल्यांनी या रंगांची इतकी आरडाओरड करून ठेवलीये की पिवळा बघून निम्मे लोक सहल रद्द करतात आणि उरलेले निम्मे नारिंगीलाही हसतात. दोन्ही चूक. पिवळ्यात जायला हरकत नाही, पण दिवसाची आखणी बदलून. विजा आणि वाऱ्यासाठी नारिंगी असेल तर मी उघड्यावरचं पार्क टाळतो. लाल असेल तर घरात पत्ते खेळा.

रंगापेक्षा जास्त माहिती त्याखालच्या ओळीत असते आणि ती कुणी वाचत नाही. "तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा." यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. "बहुतांश ठिकाणी" म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त. वळीव जवळजवळ नेहमी तुरळकच असतो. एका गावात गारा आणि शेजारच्या गावात धूळही ओली नाही. म्हणून "काल पण इशारा होता, काही झालं नाही" हे वाक्य निरर्थक आहे. तुमच्याकडे झालं नाही, दुसरीकडे झालं.

आकडा वाचा. ताशी ४० म्हणजे छत्री सांभाळणं कठीण जायला लागतं. ५० ते ६० मध्ये अख्खं झाड डोलतं आणि वाऱ्याविरुद्ध चालताना अंग पुढे झुकवावं लागतं. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. ३० चा वारा सुखाचा वाटतो, ६० चा फक्त दुप्पट असेल असं मनात येतं, पण त्याने पत्रे उडतात.

तिसरी गोष्ट, जिल्हा. मुंबईहून खोपोलीला जाणारे मुंबईचा अंदाज बघतात, पुण्याहून जाणारे पुण्याचा. खोपोली रायगड जिल्ह्यात येते. लोणावळ्याच्या बाजूला जाणार असाल तर 'पुणे घाटमाथा' असा वेगळा उल्लेख असतो, तो बघा. पुणे शहर हिरवं आणि घाटमाथा नारिंगी असं पावसाळ्यात सर्रास असतं.

फोनवर तीन ॲप घ्या आणि आदल्या रात्रीच उघडून बघा, पार्कच्या गेटवर नाही. 'मौसम' हे हवामान विभागाचं. 'सचेत' हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. आणि 'दामिनी' हे पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं. दामिनी तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल तर सांगतं. लोकेशन चालू नसेल तर ते आंधळं असतं.

यातलं सगळ्यात उपयोगी काय, तर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज, ज्याला नाऊकास्ट म्हणतात. ढग रडारवर दिसू लागले की तो जिल्ह्यानुसार येतो. सकाळी सातचा अंदाज दिवस ठरवायला, दुपारी दोनचा नाऊकास्ट पुढची राइड ठरवायला.

जाता जाता एक. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आणि ओरलँडोची पार्कं बघायला निघालेले आजी-आजोबाही मला विचारतात. तिथे रंगांऐवजी दोन शब्द लक्षात ठेवा. 'वॉच' म्हणजे वादळाला हवा अनुकूल आहे, 'वॉर्निंग' म्हणजे वादळ आलंय किंवा येऊन ठेपलंय. फोन किंचाळला आणि त्यावर वॉर्निंग असं असेल तर आईस्क्रीम हातात घेऊनच आत जा. फ्लोरिडात उन्हाळ्यातल्या दुपारी विजांचा पाऊस हा आपल्या वळिवाचाच सख्खा भाऊ आहे, फक्त तो जवळजवळ रोज येतो.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक कोरडा माणूस

वॉटर पार्कमधली सगळ्यात मोठी अडचण अशी, की इशारा येतो फोनवर आणि फोन असतो लॉकरमध्ये. दामिनी लॉकरच्या अंधारात वाजत बसते.

म्हणून निघतानाच ठरवा की कोरडं कोण राहणार. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक जण असतोच. पाण्यात न उतरणारी आजी, पिशव्या सांभाळणारी मावशी, "तुम्ही जा, मी बसतो" म्हणणारे काका. त्यांच्याकडे चार्ज केलेला फोन द्या, दर अर्ध्या तासाने नाऊकास्ट बघायला सांगा. मुख्य म्हणजे त्यांनी "बाहेर या" म्हटलं की वाद घालायचा नाही, हे मुलांसमोर आधीच कबूल करा. आमच्या घरात हे खातं आत्याकडे आहे आणि तिचा अंदाज ॲपपेक्षा कडक असतो. कुणीच कोरडं राहणार नसेल तर गळ्यात अडकवायचं वॉटरप्रूफ पाऊच घ्या, पण आतून बोटाने स्क्रीन चालते का हे घरी नळाखाली तपासा.

बाकी सामानात छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा. लहान मुलाच्या मनगटावरच्या कागदी पट्टीवर बॉलपेनने तुमचा नंबर लिहा. गाडीत एक कोरडा कपड्यांचा जोड आणि टॉवेल ठेवा.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं

गेट ओलांडलं की मुलं धावत सुटतात. त्यांना थांबवा आणि नकाशाचा फोटो काढा. मग तुमच्या डोळ्यांनी दोन गोष्टी शोधा. पहिली, चार भिंती आणि स्लॅब असलेली पक्की इमारत. फूड कोर्ट बंदिस्त असेल तर तो, नाहीतर बंद शो किंवा दुकान. दुसरी, चुकामूक झाली तर भेटायची जागा, आणि ती त्या पक्क्या इमारतीच्या आतच हवी. "मोठ्या चाकाखाली भेटू" हे फोटोसाठी ठीक आहे, वादळात ती सगळ्यात वाईट जागा.

तिथल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला सरळ विचारा, "वीज-वादळ आलं तर लोकांना कुठे नेता?" चांगल्या पार्कमधला मुलगा हात करून दाखवेल. बावचळला तर तुमचं तुम्ही ठरवलेलं बरं. आणि हेही विचारून घ्या की राइड थांबली तर रांगेतला नंबर राहतो का. बहुतेक ठिकाणी राहत नाही. हे सकाळी माहीत असलं की संध्याकाळी भांडण होत नाही.

कान आणि नाक

गडगडाट ऐकू आला याचा अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. दूर वाटतं, पण डोक्यावर ढग नसतानाही मुख्य पावसापासून तेवढ्या अंतरावर वीज पडू शकते.

आता पार्कमधली गंमत बघा. रेन डान्सला डीजे इतका मोठा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, गडगडाट कुठून येणार? वरून कारंज्यांचं पाणी पडतंय, त्यामुळे खरा पाऊस सुरू झाल्याचंही कळत नाही. रंगीत दिवे लखलखतायत, त्यात विजेची चमक हरवते. मी स्वतः एकदा शंभरेक माणसांना खऱ्या पावसात नाचताना बघितलंय. त्यांना वाटत होतं कारंजी मोठी केली. म्हणून अशा ठिकाणी दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकाने बाहेर यायचं, आवाजापासून लांब जायचं आणि चहूकडे आकाश बघायचं. आपल्याला पाऊस पश्चिमेकडून येतो असं शिकवलेलं असतं. कोकणाच्या बाजूच्या पार्कात वळीव पुष्कळदा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून उतरतो. समुद्राकडे निळं आकाश बघून निर्धास्त राहू नका.

आणि नाक. दिवसभराच्या उकाड्यात अचानक गार वाऱ्याची झुळूक येते, मातीचा वास येतो, लोक हात पसरून "आहाहा" म्हणतात. तो गार वारा ढगातून खाली कोसळलेल्या हवेचा असतो, जमिनीवर आपटून पुढे पसरलेला. पाऊस त्याच्या मागे काही मिनिटांवर असतो. आमच्याकडे ती झुळूक आली की जुने ऑपरेटर वाऱ्याच्या मीटरकडे बघायचे. तुम्ही पक्क्या इमारतीकडे बघा.

राइड थांबते तेव्हा आत काय चालतं

प्रत्येक उंच राइडला बनवणाऱ्या कंपनीने वाऱ्याची मर्यादा घालून दिलेली असते. फिरत्या पाळण्यांच्या युरोपीय मानकात राइड चालू असतानाचा वारा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरतात. अनेक राइडची मर्यादा याहूनही कमी असते. वरती वाऱ्याचा मीटर बसवलेला असतो आणि तिथला वारा तुमच्या डोक्याजवळच्या वाऱ्यापेक्षा जोरात असतो. त्यामुळे "पान पण हलत नाहीये, मग बंद का केली?" या प्रश्नाचं उत्तर शंभर फूट वर असतं.

सगळ्यात आधी मोठं चाक बंद होतं, आणि लोकांचा सगळ्यात जास्त राग त्याच्यावरच. कारण साधं आहे. कोस्टरची फेरी दीड-दोन मिनिटांत संपते, गाडी फलाटावर येते, लोक उतरतात. चाक रिकामं करायला वेळ लागतो. समजा तीस पाळणे आहेत आणि एकेक उतरवायला चाळीस सेकंद, तर वीस मिनिटं झाली. शिवाय वजन दोन्ही बाजूंना सारखं राहावं म्हणून समोरासमोरचे पाळणे आळीपाळीने रिकामे करावे लागतात. ढग डोक्यावर आल्यावर सुरुवात केली तर शेवटचा माणूस विजेच्या कडकडाटात वर लटकलेला असतो. म्हणून चाकवाला आकाश स्वच्छ असतानाच "बस" म्हणतो. त्याला शिव्या देऊ नका. आणि तुमचा पाळणा खाली यायला वेळ लागतोय म्हणजे बिघाड झाला असंही समजू नका.

तुम्ही राइडवर असताना ती मध्येच थांबली, तर एकच नियम: पट्टा, बार, दार यांना हात लावायचा नाही. कोस्टर चढणीवर थांबला तर शेजारी जिना आणि कठडा असतो. आमची माणसं चढून येतात, एकेक सीट उघडतात, हात धरून उतरवतात. दहा मिनिटं लागतील, वीस लागतील. मोबाइल काढून शूटिंग करायचा मोह आवरा. पडलेला फोन खालच्या माणसाच्या डोक्यात जातो.

आता रांग. राइड बंद झाल्याची घोषणा ही फक्त राइडपुरती असते. तुमच्यापुरता निर्णय तिथे कुणी घेत नाही. ऑपरेटरचं सगळं लक्ष वर बसलेल्यांकडे असतं आणि रांग आपोआप पांगेल असं धरलेलं असतं. ती पांगत नाही. लोखंडी कठड्यांच्या नागमोडी गल्लीत तीनशे माणसं उभी असतात, वर जेमतेम पत्रा किंवा कापडी छत. वॉटर पार्कमध्ये याहून वाईट. घसरगुंडीच्या रांगेचा शेवट असतो चार मजली लोखंडी जिन्यावर, परिसरातल्या सगळ्यात उंच जागी. तिथे ओल्या अंगाने, हातात ट्यूब घेऊन लोक वाट बघतात. गडगडाट ऐकलात आणि तुम्ही त्या जिन्यावर असाल, तर तुमच्यापुढे दोनच माणसं उरली असली तरी वळून खाली या. "एवढी एकच फेरी मारतो" असं म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारायचो, तुम्ही खाली तळ्यात पडणार, तिथून बाहेर यायला किती वेळ? वीज पाण्यात पडली तर पाण्यातल्या सगळ्यांना झटका बसू शकतो.

विजा नसल्या आणि नुसताच मुसळधार पाऊस असला तरी लाइफगार्ड शिट्टी मारून पूल रिकामा करतो. थेंबांनी पाण्याचा पृष्ठभाग इतका फुटतो की त्याला तळ दिसत नाही. तळाशी कुणी असेल तर दिसणार नाही. वेव्ह पूलमध्ये तर दिसतच नाही. "भिजलोच आहोत, पावसाने काय होतंय?" हा प्रश्न दर पावसाळ्यात हजार वेळा ऐकलाय.

आसरा: कुठे आणि कुठे नाही

९ एप्रिल २०२३. अकोला जिल्ह्यातलं पारस. वादळी पाऊस आला म्हणून मंदिराच्या आवारातले भाविक पत्र्याच्या शेडखाली गेले. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि सात जण गेले. १३ मे २०२४. मुंबईत घाटकोपरला धुळीचं वादळ आलं, १२० बाय १२० फुटांच्या आसपासचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, १७ जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी लोकांच्या डोक्यावर छप्पर होतं.

म्हणून पार्कमध्ये छप्पर दिसलं की धावू नका, त्याच्यावर काय पडू शकतं ते बघा. पत्र्याची शेड, कापडी छत, मंडप, फायबरच्या छत्र्या, प्रवेशद्वाराची सजावटीची कमान, मोठे जाहिरातफलक, स्पीकरचे खांब आणि झाडं, या सगळ्यांपासून लांब. थीम पार्कमध्ये एक जास्तीचा फसवा प्रकार असतो: किल्ला, गुहा, जहाज. बाहेरून दगडी दिसतात, ठोकून बघा, आत फायबर आणि लोखंडी सांगाडा निघतो. मुलांना गुहा सुरक्षित वाटते. तुम्हाला वाटू देऊ नका.

पक्क्या इमारतीत गेल्यावर खिडक्या-दारांपासून दूर बसा. नळ, शॉवर, भिंतीला लावलेला चार्जर यांना हात नको, कारण इमारतीवर वीज पडली तर ती पाइप आणि वायरमधून उतरते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पूल रिकामा केला की पहिली झुंबड चेंजिंग रूमच्या शॉवरवर उडते. पायताणाचा रबर वाचवत नाही. आणि मोबाइल वीज ओढून घेतो ही निव्वळ अफवा. वीज उंच, टोकदार, एकट्या उभ्या वस्तूकडे जाते. हातातला फोन चार्जरला जोडलेला नसेल तर खुशाल वापरा.

इमारत लांब असेल आणि पार्किंग जवळ, तर पत्र्याच्या छताची बंद गाडी किंवा बस चांगली. काचा वर, हात मांडीवर, दाराच्या धातूला न लागता. दुचाकी आणि रिक्षा याला गाडी म्हणत नाहीत. गाडी झाडाखाली लावली असेल तर तो आसरा बाद.

कुणाला वीज लागलीच तर ऐका: त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. हात लावायला घाबरू नका, घाबरण्यातच वेळ जातो. धोका अजून असेल तर आधी आडोशाला न्या. १०८ लावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र असतं, एकाने तिकडे पळायचं.

जत्रेतल्या पाळण्याबद्दल थोडक्यात. तिथला आकाशपाळणा दोन-तीन दिवसांत उभा राहतो, जमिनीवर फळ्या टाकून, पाचरी मारून. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर पायाखालची माती बघा. मऊ असेल, फळी एका बाजूला दबली असेल, तर आकाश निरभ्र असलं तरी पोराला भजी खाऊ घाला आणि पुढे चला. तिथे वाऱ्याचा मीटर दिसणार नाही. दुकानांच्या पताका फडफडून ताठ होऊ लागल्या की तुमचा मीटर तोच.

अर्धा तास

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं आतच थांबायचं. मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ शून्यावर. पाऊस थांबला हे कारण चालत नाही, मागे सरलेला ढगही वीज टाकतो. मुलं कंटाळतात, त्यांना सेकंद मोजायचं काम द्या. चमक, एक, दोन, तीन. ढग लांब जातोय हे त्यांना स्वतःलाच कळतं आणि भीतीही जाते.

याच अर्ध्या तासात ठरवा, थांबायचं की निघायचं. वळीव असेल आणि नाऊकास्टमध्ये पुढे काही नसेल तर थांबा. पावसाळ्यातला संततधार पाऊस असेल, रायगड किंवा घाटमाथा नारिंगी-लाल झाला असेल, तर अंधाराच्या आत घाट ओलांडा. द्रुतगती मार्गावर आडोशीच्या आसपास दरडी आलेल्या आहेत, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. वाटेत धबधब्याखाली "दोनच मिनिटं" थांबणं नको. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण लोंढ्यात गेले. वर डोंगरात झालेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. बोरिवलीहून गोराईच्या वॉटर पार्कला बोटीने आला असाल तर परतीची बोट चालू आहे का, हे जेट्टीवर पोहोचल्यावर नाही, आधी विचारा. रस्ता अडला किंवा पाणी चढलं तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

पैशांचं म्हणाल तर बहुतेक तिकिटांच्या अटींमध्ये हवामानामुळे राइड बंद झाल्यास परतावा नाही असं लिहिलेलं असतं. तरी बाहेर पडायच्या आधी गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर शांतपणे विचारा. काही ठिकाणी पुन्हा येण्याचा पास मिळतो. ऑपरेटरशी भांडून काही मिळत नाही, त्याच्या हातात तेवढं बटण असतं.

थांबायचं ठरवलंत तर एक सांगून ठेवतो. राइड एकदम सुरू होत नाहीत. आधी रूळ, ब्रेक, सीट बघतात, मग रिकाम्या गाड्या दोन-चार फेऱ्या फिरवतात. तुमच्या राइडची रिकामी गाडी फिरताना दिसली की इमारतीतून निघा आणि सावकाश चालत जा, पाणी साचलेल्या फरशीवर घसरू नका. गर्दी एव्हाना पार्किंगमध्ये अडकलेली असते, किंवा ओल्या कपड्यांनी कुडकुडत बसमध्ये. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, वादळ सरल्यावर, सहा वाजता मी कोस्टर पुन्हा उघडला तेव्हा रांगेत अकरा माणसं होती. त्यात एक चष्मेवाला मुलगा होता, ज्याला त्याच्या आईने चौथ्या नंबरवरून ओढत बाहेर नेलं होतं आणि जो सगळ्यांसमोर रडला होता. सीट ओल्या होत्या. तो सलग पाच वेळा बसला.